जीन्स बाजूला ठेवा, आधी कांद्याचं गोणपाट काढा

वाचकांचं पत्र:

"माझा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. शाळा सकाळची झाल्यापासून दुपारभर दोघं घरात. पाडव्यापर्यंत दोघांनी आपल्या हाताने काहीतरी शिवावं अशी फार इच्छा आहे, पण मागच्या वर्षीचा प्रयोग फसला. जुन्या जीन्सची पिशवी करायला घेतली होती. सुई कापडातून जाईना, दोरा दर दोन टाक्यांना गुंतायचा, शेवटी सुई मोडली आणि दोघांनी 'आई, नको' म्हणून हात जोडले. मोबाइलवर वसंतातल्या हस्तकला शोधल्या तर फेल्टचे ससे आणि रंगीत अंडीच समोर येतात. मुलीला परकरही शिवायचा आहे, पण घरातल्या जुन्या काळ्या मशीनवर टीप मारली की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. त्यात सासूबाई म्हणतात, मुलाच्या हातात सुई कशाला? काय करू?"
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रात मुलांची चूक एकही दिसत नाही. सुई मुलाच्या हातात जायच्या आधीच निम्मं काम बिघडलेलं होतं. जीन्सचं कापड जाड आणि घट्ट विणीचं. पिशवीच्या कडेला ते दुमडलं की दोनाचे चार थर होतात, आणि पँटची मूळची शिवण मध्ये आली तर सहा-आठ. तिथे मोठ्या माणसालाही सुई पकडीने ओढून काढावी लागते. नऊ वर्षांच्या बोटांत तेवढा जोर नसतो, म्हणून मूल सुई तिरकी करून रेटतं आणि ती मोडते. त्यामुळे यंदा एवढं ठरवून टाका: कापड निवडणं, धुणं, कापणं, खुणा करणं हे सगळं तुमचं. टाका मात्र मुलांचा, आणि तो वाकडा आला तरी तुम्ही उसवून सरळ करायचा नाही.

दोरा गुंतण्याचं कारणही साधं आहे. सारखी सारखी सुई ओवायला नको म्हणून आपण मुलांना हात-दोन हात लांब दोरा देतो. मूल टाका घालताना दर वेळी सुई बोटांत किंचित फिरवतं, त्याने दोऱ्याला पीळ बसतो, आणि लांब दोऱ्यातला पीळ वेटोळं होऊन गाठ मारतो. मुलाच्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत भरेल त्याहून थोडाच जास्त, म्हणजे अठरा इंच दोरा पुरे. दर आठ-दहा टाक्यांनी सुई सोडून लोंबकळू द्यायची, ती गरगर फिरून पीळ आपोआप काढते. मुलांना हा खेळ टाक्यांपेक्षा जास्त आवडतो, असो. मशीनचा पॉलिस्टर दोरा हाताच्या शिवणीला देऊ नका. तो बारीक आणि उसळता असतो, सुईच्या नाकातून सारखा निसटतो. भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा आणा. लडीत साधारण आठ मीटर असतो. त्यातले तीन पदर एकदम वेगळे ओढू नका, हमखास गुंता होतो. एकेक पदर वरच्या टोकाने सरळ ओढून काढायचा आणि मग तीन एकत्र करायचे. त्यावरून मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवला की पदर एकमेकांना धरून राहतात.

सुया दोन प्रकारच्या लागतील. मुलीसाठी बोथट टोकाची, मोठ्या नाकाची, लोकरीचं काम करायला वापरतात ती. मुलासाठी भरतकामाची टोकदार सुई, पण मधल्या जाडीची. हाताच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा, कारण मशीनच्या सुईचं नेमकं उलटं असतं. टाचण्या मोठ्या मण्यांच्या घ्या. घरात सगळे अनवाणी फिरतात आणि सासूबाई खाली बसत असतील, तर काम एकाच सतरंजीवर करा, सुया मोजून काढा आणि मोजून ठेवा. एक साधं लोहचुंबक डब्यात ठेवलं की हरवलेली सुई शोधायला डोळे फोडावे लागत नाहीत.

आता पहिली दुपार. कापड आणायला लगेच मेनरोडला धावू नका. घरात किंवा भाजीवाल्याकडे कांद्याचं रिकामं तागाचं गोणपाट मिळेल, नाशिकात त्याला काय तोटा! प्लॅस्टिकची लाल जाळी नको, तिची भोकं फार मोठी असतात आणि टाका जागेवर राहत नाही. गोणपाट आधी अंगणात झटका, मग साबणाच्या पाण्यातून काढून कडक वाळवा. न धुता दिलंत तर कांद्याची टरफलं, धूळ आणि तागाची कूस यांनी मुलं दहा मिनिटांत शिंकायला लागतील. त्यातला आठ इंचांचा चौकोन कापा. कापायच्या आधी ज्या रेषेवर कापायचं तिच्या दोन्ही अंगांना फेविकॉलची बारीक रेघ ओढून तासभर वाळू द्या, म्हणजे कडेचे धागे सुटणार नाहीत. हा चौकोन भरतकामाच्या सहा इंची रिंगमध्ये ताणून बसवा. रिंग नसेल तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची चौकट कापून त्यावर कडा चिकटवा.

गोणपाटाची वीण इतकी विरळ असते की भोकं नजरेला दिसतात. मुलीला सांगायचं, 'एका भोकातून खाली, दोन भोकं सोडून वर.' झाला धावदोरा. लोकर घ्या, रंग तिला निवडू द्या. पहिल्या ओळीत ती हमखास रिंगच्या कडेवरून सुई वळवून आणेल आणि लोकर चौकटीभोवती गुंडाळली जाईल. त्यावर उपाय एकच. रिंग मांडीवर न ठेवता टेबलाच्या कडेला अर्धी बाहेर काढून धरायची, म्हणजे खालचा हात खालीच राहतो आणि वरचा वर. स्केचपेनने एक सरळ रेघ, एक लाटेसारखी आणि एक गोल काढून द्या. तीन ओळी झाल्या की थांबवा, तिला अजून करायचं असलं तरीही. नऊ वर्षांच्या मुलाला हे अर्ध्या तासात बाळबोध वाटेल. त्याला त्याच गोणपाटावर उलटी टीप दाखवा, म्हणजे एक टाका पुढे, अर्धा मागे. पुढच्या कामात त्याला ती लागणार आहे.

सशांचं म्हणाल तर ससा शिवायला हरकत कसली? पण फेल्टचा भरलेला ससा सहा वर्षांच्या मुलीला जड जातो. कान अरुंद असतात, ते उलटून सुलट करताना शिवणच उसवते. त्यापेक्षा आपल्या चैत्रात जे डोळ्यांसमोर आहे ते घ्या. मुलीला छोटी गुढी द्या. सरळ एक ओळ शिवली की वस्तू उभी राहते, आणि पाडव्याला देवघरासमोर मांडता येते.

गुढीसाठी बांबूची बारा इंची काडी लागेल, जाड उदबत्तीएवढी. तिचं टोक कापून घासून घ्या. कापड दहा इंच रुंद आणि सात इंच उंच. जुन्या खणाच्या चोळीचा किंवा सुती साडीचा काठासकटचा तुकडा उत्तम. काठ खाली यायला हवा. तिन्ही मोकळ्या कडा तुम्ही अर्धा इंच दुमडून इस्त्री करून ठेवा. वरच्या दुमडीच्या खाली पाव इंचावर पेन्सिलने रेघ मारा आणि दर पाव इंचाला एकेक ठिपका द्या. मुलीने ठिपक्यांवरून धावदोरा घालत जायचं, दोरा दुहेरी, सुरुवातीला ठसठशीत गाठ. शेवटाला पोहोचली की सुई काढून दोरा हळूहळू ओढायचा. नऊ इंचांचं कापड गोळा होऊन दीड इंचात येतं आणि चुण्या आपोआप पडतात. इथे तिचा चेहरा बघण्यासारखा होतो! पण नेमका इथेच दोरा तुटतो किंवा गाठ कापडातून आरपार निघून येते. म्हणून सुरुवातीला गाठीपाशीच, त्याच जागी दोन टाके एकावर एक घालून घ्या. आणि जरीच्या काठातून सुई घालायला लावू नका. जर कडक असते, सुई वाकते. काठाच्या वरूनच काम होतं.

चुण्या काडीला बांधून वर भातुकलीतला तांब्या पालथा घाला. तो डुगडुगतो, म्हणून आत काडीच्या टोकाला ओल्या शाडूची सुपारीएवढी गोळी बसवा. गाठी साखरेच्या नकोत, इतक्या लहान गुढीवर त्या वजनाने खाली ओढतात आणि दुपारच्या उन्हात चिकटून मुंग्या येतात. पांढऱ्या फेल्टच्या रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या तुम्ही कापा, मुलीने दोऱ्यात ओवून हार करावा. कडुनिंबाचा डहाळा मात्र खरा घ्या. आत्ता कोवळी तांबूस पालवी असते, तीच शोभते. उभी करायला छोट्या वाटीत शाडू दाबून भरा आणि काडी ओल्या मातीत रोवून रात्रभर सुकू द्या. लगेच उचलली तर कलते.

मुलासाठी गोधडी. मोठी नव्हे, तेरा इंचांचं आसन. अभ्यासाच्या खुर्चीवर टाकायला, कुणाच्या मांजरीला, कशालाही चालेल. गोधडीत दुसरं काही नाही, फक्त धावदोरा आहे, आणि तो जितका मुलाच्या हातचा दिसेल तितकी ती देखणी. कपाटातली मऊ झालेली सुती साडी काढा. नवी चादर नको, तिची वीण घट्ट असते. नवं पॉपलीनही खळ काढल्याशिवाय नको. साडी खरंच सुती आहे का अशी शंका असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून तुम्ही स्वतः जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. मिश्र धाग्याची साडी आत चालेल, वर नको, सुई तिच्यावरून घसरते.

माप असं. वरच्या थरासाठी दोन रंगांचे साडेसात इंची चार चौकोन. अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायची कड, धरून जोडले की चौदाचा चौकोन होतो. ही जोडणी मुलाने उलट्या टिपेने करावी. रेघा तुम्ही मारून द्या, आणि शिवण अगदी मायेच्या रेघेवरच यायला हवी हा एवढाच हट्ट धरा, कारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे झालं तर मधले चारही कोपरे जुळत नाहीत. नाहीच जुळले तर तिथे एक मोठं बटण टाका. माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. खालचा थर चौदाचा एक अखंड तुकडा, आणि पोटात साडीचे तेवढ्याच मापाचे दोन थर. आता वरचा आणि खालचा थर सुलट बाजू आतमध्ये समोरासमोर ठेवा, त्यावर पोटातले दोन थर पसरा, आणि चारी बाजूंनी अर्ध्या इंचावर टीप मारा. ही टीप तुम्ही मशीनवर किंवा हाताने घाला, कारण चार थर एकदम आहेत. एका बाजूला चार इंच जागा उघडी सोडा. कोपऱ्यांची माया तिरकी कापा, नाहीतर उलटल्यावर तिथे लाडूसारखी गाठ येते. उघड्या जागेतून सगळं सुलट करा, कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढा, कात्रीच्या टोकाने नव्हे. उघडी जागा कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी हेम करून बंद करा. तयार माप तेरा इंच.

यानंतर बहुतेक जण घाई करून थेट गोधडी शिवायला बसतात आणि तिथेच पोटातले थर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. आधी कच्चे टाके. विरुद्ध रंगाच्या दोऱ्याने मध्यापासून चारी दिशांना, मग तिरपे, तीन-तीन इंच अंतरावर मोठे टाके घाला. पंधरा मिनिटांचं काम आहे. मग खडूने बारा इंचांचा चौकोन, त्याच्या आत दहाचा, आठचा, सहाचा, चारचा आणि दोनचा काढा. म्हणजे सगळ्या रेघा एकमेकींपासून इंचावर येतात. मुरलेले हात गोधडी काठाकडून शिवत आत येतात, कारण कापड ताणून धरायची सवय असते. मुलाने मात्र मधल्या दोनच्या चौकोनापासून बाहेर जावं. बाहेरून आत आला तर प्रत्येक ओळीने कापड थोडं पुढे ढकललं जातं, आणि शेवटी मध्यभागी फुगवटा राहतो जो कशानेच बसत नाही.

सगळ्या रेघांची लांबी १६८ इंच भरते, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपास. तीन पदर दोरा वापरला तर एका लडीतून सोळा मीटर निघतो, तेव्हा एक लड भरपूर झाली. अठरा इंचांच्या दोऱ्यात गाठी आणि टोकं वजा जाता तेरा-चौदा इंच शिवण होते, म्हणजे त्याला सुई बारा-तेरा वेळा ओवावी लागेल. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे चौथ्या वेळी कंटाळा येत नाही. किंवा सात-आठ सुया ओवून पिनकुशनवर तयार ठेवा, हेही चालतं. टाका पाव इंचाचा. प्रत्येक बाजू झाली की तळहाताने कापड सपाट करायला लावा. दोरा ताणून ओढला तर ओळ आखडून चुण्या येतात, तळहात फिरवला की जास्तीचा ताण निघून जातो. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नको. दुपारी बारा ते तीन टाळा. आताच्या उकाड्यात बोटं घामेजतात, सुई निसटते आणि तिला गंजही चढतो. हाताला थोडी टाल्कम पावडर लावली तरी पुरतं. चार वाजता खिडकीजवळ बसा. चार ते पाच बैठकांत गोधडी होते, पाडव्याच्या आत आरामात.

एक गोष्ट आवर्जून. काटेसावरीची बोंडं थोड्या दिवसांत फुटायला लागतील आणि मुलं तो कापूस गोळा करून आणतील. तो गोधडीत भरू नका. उशीला छान, पण तो इतका गुळगुळीत असतो की धावदोऱ्याने जागेवर राहत नाही, आणि उघड्यावर भरताना सगळ्यांच्या नाकातोंडात जातो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना गोधडीच्या कच्च्या टाक्यांवर बसवा. कोणता थर सरकला हे त्यांना आपल्याआधी कळेल. आणि मुलाच्या हातात सुई कशाला, याचं उत्तर कुठल्याही शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसलेलं दिसेल!

गोधडीचे दोन चौकोन पिवळे-केशरी हवे असतील तर मोसम आत्ताच आहे. पळस फुललाय. रहाडींत, म्हणजे रंगपंचमीच्या जुन्या हौदांत, फुलांचा रंग खेळणाऱ्या नाशिकला हे वेगळं सांगायला नको. पेठ, हरसूलकडे जाणं झालं तर झाडाखाली पडलेली फुलं वेचा, फांदी तोडायची गरज नाही. नाहीतर काष्ठौषधींच्या दुकानात सुकी मिळतात. पण फुलं उकळून कापड बुडवलं की झालं असं समजू नका, असा रंग पहिल्या धुण्यात निघून जातो. सुती कापड रंग सहज धरत नाही, त्याला आधी तयार करावं लागतं. समजा कोरड्या कापडाचं वजन शंभर ग्रॅम आहे. ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळून खळ काढा. मग पंधरा ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून गाळा आणि त्यात कापड रात्रभर भिजवा. पिळून, न धुता सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी पंधरा ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून तीन-चार तास भिजवा, पुन्हा वाळवा, मग एकदा साध्या पाण्यातून काढा. रंगासाठी सुकी फुलं दोनशे ग्रॅम किंवा ताजी चारशे, पाऊण तास मंद उकळून गाळलेली. त्या पाण्यात कापड तासभर मंद आचेवर, सारखं हलवत ठेवा. न हलवलेल्या घड्यांत डाग पडतात. भांडं स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकात नको. लोखंडी कढई तर मुळीच नको, लोहाने रंग काळपट-शेवाळी होतो. गॅसजवळचं सगळं तुमचं, वजन करणं आणि फुलं देठातून सोडवणं मुलांचं. उन्हात वाळत घालू नका. गोधडी नंतर रिठ्याच्या पाण्यात धुवा.

हळदीचा रंग मात्र गोधडीला देऊ नका. उन्हात तो आठवड्यात उडतो आणि साबण लागला की लाल होतो. पण नेमक्या याच कारणासाठी हळदीत बुडवलेला एक रुमाल मुलांच्या हाती द्या, आणि साबणाच्या वडीने त्यावर चित्र काढायला सांगा.

राहता राहिला परकर. मुलीची कंबर मोजून घ्या. इथे हिशेबाला २१ इंच धरते आणि उंची घोट्याच्या वर २२ इंच. घेर कंबरेच्या दुप्पट, म्हणजे ४२. पॉपलीनचा ४४ इंची पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, घेतला तर एकच तुकडा आणि मागे एकच उभी शिवण. दोन्हीकडे अर्धा इंच माया जाऊन ४३ राहतात, तेवढं बरोबर आहे. उंचीत नेफ्याचे दीड इंच आणि तळाचे अडीच मिळवा, एकूण २६. कापड पाऊण मीटर घ्या, म्हणजे साडेएकोणतीस इंच. कोरं सुती कापड आटतं, म्हणून आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा आणि मगच कापा. भिजवायचा कंटाळा केला तर पहिल्या धुण्यानंतर परकर इंचभर वर जातो. तळाचे अडीच इंच मुद्दाम जास्त ठेवले आहेत, पुढच्या वर्षी सोडवता येतील.

उभी शिवण आधी, मग नेफा. अर्धा इंच आत दुमडा, पुन्हा एक इंच दुमडा, खालच्या कडेपासून एक सूत आत टीप मारा आणि मागच्या शिवणीजवळ दोन इंच उघडं सोडा. इलॅस्टिक पाऊण इंची, लांबी कंबरेपेक्षा दोन इंच कमी म्हणजे १९, वर एकमेकांवर चढवायला एक इंच, एकूण २०. ते सेफ्टी पिन लावून नेफ्यातून ओढायचं काम मुलीला द्या. मागचं टोक कापडाला टाचून ठेवा, नाहीतर अर्ध्या वाटेवर तेही आत पळतं. टोकं जोडून नेफा बंद केल्यावर इलॅस्टिकवरून मागच्या शिवणीत आणि दोन्ही कुशींना एकेक उभी छोटी टीप मारा. तेवढ्याने ते आत पिळवटत नाही.

आता जाळ्याचं. खाली जाळं होतं म्हणून सगळे बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाशी, झटत बसतात, पण खालचं जाळं बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतं. वरच्या दोऱ्याला ताण नसला की तो सैल होऊन खाली साठतो. आधी बघा, टीप मारताना कापड दाबणारा फूट खाली केला आहे ना. हसू नका, अर्धी जाळी इथेच सुटतात. मग वरचा दोरा पूर्ण काढून फूट वर करून पुन्हा ओवा. फूट वर असतानाच दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या सुटतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर तो चकत्यांच्या कडेवरच राहतो. वर-खाली होणाऱ्या लिव्हरच्या भोकातून दोरा गेलाय याची खात्री करा. सुई बदला, पॉपलीनला १४ नंबर. सुईच्या ज्या अंगाला लांब खाच असते त्याच अंगाने दोरा ओवायचा. ओवून झाल्यावर फूट खाली करा आणि दोरा ओढून बघा. अडून यायला हवा. फूट वर केला की सुळकन यायला हवा. दोन्ही वेळा सारखाच आला तर चकत्यांमध्ये दोऱ्याचा तुकडा किंवा कूस अडकली आहे. दोन्ही चकत्यांमध्ये जुनं सुती कापड घालून मागेपुढे ओढा.

एवढं करूनही जाळं आलं तर बॉबिन केस काढा. तिच्यावरच्या पातळ पट्टीखाली कडक कागदाची कड सरकवून साठलेली कूस काढा. मग बॉबिन भरून केस दोऱ्याने लोंबकळवा. ती स्वतःच्या वजनाने खाली घसरली तर पट्टीचा स्क्रू पाव वळसा आवळा. हलक्या झटक्याने दोन-तीन इंच खाली येऊन थांबली तर बरोबर आहे. टीप सुरू करताना वरच्या-खालच्या दोन्ही दोऱ्यांची टोकं पहिले चार टाके हातात धरून ठेवा. मशीनला तेल द्यायचं तर मशीनचंच द्या, खोबरेल नको. ते आत घट्ट होऊन बसतं आणि थंडीत तर मशीन हलतच नाही. तेल दिल्यावर चिंधीवर टिपा मारत राहा. चिंधीवर डाग पडायचे थांबले की मगच परकराचं कापड खाली घाला.